झुलणारा गंधार

शांभवी लोटलीकर मला पहिल्या दिवसापासून आवडली नाही. कारण विचारलं असतं तर तेव्हा देता आलं नसतं. मुलगी गुणी होती, गळा गोड, बोलणं आर्जवी, आणि दर वाक्यात मला ‘ताई’ म्हणायची. माणसाने इतकं निर्दोष असलेलं मला खपत नाही, एवढंच.

ती आली आमच्या ‘उकल’मध्ये. ‘उकल’ म्हणजे दर रविवारी सकाळी पडद्यावर भरणारी आमची संगीतकोड्यांची बैठक. आम्ही चौघं कॉलेजपासूनचे. हेरंब पटवर्धन मेलबर्नमध्ये दातांचा डॉक्टर. आमची सकाळ म्हणजे त्याची दुपार, त्यामुळे तो कायम जेवण अंगावर आलेल्या अवस्थेत. फारूक शिकलगार कोल्हापुरात वकील. प्राची ओगले नाशिकला शाळेत गणित शिकवायची. आणि मी, ऋजुता बर्वे, सांगलीत श्रवणयंत्रं बसवून देण्याचं दुकान चालवते. चौघांनाही शास्त्रीय संगीताचं वेड, आणि चौघांनाही जिंकायची खाज.

आता फोनपुढे कोणी नुसतं गुणगुणलं तरी फोन रागाचं नाव, थाट, वेळ सगळं सांगून मोकळा होतो. त्यामुळे आमच्यात नावाला किंमत नव्हती. आमचा नियमच होता की नाव घेईल तो बाद. कोडं सुटलं की त्या रागाची ओळख पटेल अशी एक ओळ गाऊन दाखवायची. कोडं घालणाऱ्याची मान उभी हलली तर बरोबर, आडवी हलली तर चूक. त्यावर अपील नाही. फारूक वकील असूनही नाही.

कोडी कशी, तर अशी: ‘पाच जणांचं घर. सकाळी धैवत दार उघडतो, संध्याकाळी गंधार दिवा लावतो. दिवा लागलाय, तर घरात कोण?’ भूप आणि देशकार या दोन्ही रागांत पाच स्वर तेच, फक्त सकाळच्या देशकारात धैवत पुढारी, संध्याकाळच्या भूपात गंधार. दिवा लागलाय म्हणजे भूप. हे कळलं तरी गप्प बसायचं आणि गंधारावर डौलात थांबून दाखवायचं. तिथे माणूस लागतो, असं आम्ही छाती फुगवून म्हणायचो.

आम्ही जोड्यांनी खेळायचो. हेरंब आणि फारूक एक, प्राची आणि मी दुसरी. आणि आमच्या जोडीची गंमत अशी की प्राचीला गळा नव्हता. काही वर्षांपूर्वी घशाचा कॅन्सर झाला आणि स्वरयंत्र काढावं लागलं. सिगारेट सोडाच, बाईने कधी बडीशेपेपलीकडे काही तोंडात टाकलं नव्हतं. बोलायचं ते टाइप करायची आणि फोन ते रुक्षपणे वाचून दाखवायचा. गाणं मात्र टाइप होत नाही. म्हणून तिने हात वापरला. पडद्यावर तिचा उजवा हात वर यायचा, चढायचा, घसरायचा, एका जागी थांबून हिंदकळायचा, आणि मी तिच्या हाताबरोबर गायचे. चुकले तर ती बोटं झटकायची. बरोबर आलं की डोळे मिटायची. हेरंब म्हणायचा, “ही चीटिंग आहे. दोन मेंदू आणि एक गळा!”

आहे ना चीटिंग, बरं मग? मी तिचा गळा होते. दर रविवारी सकाळी सांगलीतल्या एका जाड चष्म्याच्या बाईवाचून जगात एका माणसाचं अडत होतं. नवरा, मुलगी, दुकान यांपैकी कोणाचंही माझ्यावाचून असं अडलं नाही.

आणि मग हेरंबने शांभवीला आणलं. मडगावच्या एका प्रयोगशाळेत ती इंजिनियर होती. महिनाभर ती नुसती ऐकत बसली, मधून मधून कोडी भराभर सोडवून मला चिडवत राहिली, आणि एका रविवारी म्हणाली, “प्राचीताई, मी एक विचारू? आमच्याकडे एक यंत्र आहे. तुम्ही स्वतः गाऊ शकाल.”

प्राचीचा हात हवेतच थांबला.

त्या यंत्राचं नाव कंठी. बोटभर रुंदीची, मानेला चिकटणारी मऊ पट्टी. शांभवीने समजावून सांगितलं ते खरोखर सोपं होतं. आपण गातो तेव्हा मेंदू गळ्याला हुकूम सोडतो, आणि ते हुकूम नसांमधून विजेच्या बारीक तरंगांसारखे जातात. स्वरयंत्र काढून टाकलं तरी मेंदू हुकूम सोडायचा थांबत नाही. मानेचे, जबड्याचे, जिभेच्या मुळाचे स्नायू ते हुकूम झेलत राहतात आणि किंचित हलतात. मनातल्या मनात गाणं म्हणताना तुमचाही गळा हलतो, हात लावून बघा. कंठी ती हालचाल टिपते, कोणता स्वर हवा होता ते ओळखते आणि छोट्या स्पीकरमधून वाजवते. थोडक्यात, माणूस मनात गातो किंवा बोलतो आणि बाहेर ऐकू येतं.

“फक्त आवाज कोणाचा तरी लागतो,” शांभवी म्हणाली. “ताईंची जुनी रेकॉर्डिंग आहेत का?”

होती, माझ्याकडेच होती, आणि मी ती लगेच पाठवली. पण सगळी हॉस्टेलच्या खोलीतली, पंख्याच्या घरघरीत बुडालेली. ती चालली नाहीत. म्हणजे आवाज उसना घ्यावा लागणार. आता मला विचारतील, याची मी वाट बघत राहिले. खोटं कशाला बोलू, दुकानात गिऱ्हाईक नसताना मी खडीसाखर चघळून घसाही साफ करून ठेवला होता.

मला कोणी विचारलं नाही. काही आठवड्यांनी प्राची गळ्यात पट्टी घालून पडद्यावर आली, आणि पट्टीतून शांभवीचा गोड, तरुण आवाज आला, “ऋजू, ऐकू येतंय का गं?”

“शांभवीनेच दिला आवाज,” प्राची त्या आवाजात सांगत होती. “बिचारी कित्येक दिवस स्टुडिओत बसली. तुला सरप्राइज द्यायचं होतं आम्हाला.”

‘आम्हाला’ हा शब्द तिने किती सहज वापरला! हेरंब चक्क रडत होता. फारूक म्हणाला, “काय बोलायचं सुचंना झालंय बगा!” मी टाळ्या वाजवल्या. आनंद झालाच होता, तो मी नाकारत नाही. पण आनंदाच्या खाली काहीतरी जळत होतं आणि त्याचा वास मला स्वतःला येत होता.

मग जे व्हायचं ते झालं. आता प्राचीला गळा आहे तर जोड्या नव्याने पाडू या, असं हेरंबने सुचवलं, आणि चिठ्ठ्यांमध्ये प्राचीच्या वाट्याला शांभवी आली. पाच जणांत एक उरतो, त्याने कोडं घालायचं. उरले मी.

त्या रविवारी प्राचीने एकामागून एक उत्तरं गायली. मी पडद्याकडे बघत होते ते तिच्या हाताकडे. तो मांडीवर स्वस्थ पडला होता. बैठक संपल्यावरही दोघी बोलत राहिल्या. मी बाहेर पडत असताना शांभवी काहीतरी म्हणाली आणि प्राची हसली. प्राचीचं हसू आतापर्यंत बिनआवाजाचं होतं, ते फक्त मला ऐकू यायचं. आता सगळ्यांना यायला लागलं. मी स्वयंपाकघरात गेले आणि नवऱ्यावर विनाकारण खेकसले. भाजी त्याने आणली होती ती चांगली होती, तरीही.

पुढे एकदा फारूकने सहज विचारलं, “शांभवी, हे यंत्र एवढं सुबक कसं गं वाजवतंय? आजारी माणसाचे स्नायू म्हणजे लटपटणारच की.”

“बरोबर, काका. ऑपरेशननंतर स्नायूंना थरथर असते. सरळ वाजवलं तर आवाज कापरा येईल. म्हणून कंठी थरथर पुसून टाकते. एका स्वराभोवती आवाज हलायला लागला की ती त्याला मधोमध सरळ धरते.”

बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी चष्मा काढून पुसायला घेतला.

कारण हा उद्योग मला चांगला ठाऊक होता. माझ्या दुकानात येणारे गाण्याचे शौकीन म्हातारे हीच तक्रार करतात. तानपुरा लावला की श्रवणयंत्र त्याला शिट्टी समजतं आणि दाबून टाकतं. यंत्राला कोणी सांगितलेलं नसतं की हा आवाज हवा आहे. ते बिचारं मन लावून साफसफाई करतं आणि देव्हाऱ्यातल्या निर्माल्याबरोबर देवही उचलतं.

आणि एका स्वराभोवती आवाज हलणं, हाच ज्याचा प्राण आहे असा एक राग आहे. दरबारी कानडा. त्याचा कोमल गंधार सरळ उभा राहतच नाही. हळूहळू झुलतो, जड पाळण्यासारखा. त्याला आंदोलन म्हणतात. अडाणा नावाच्या रागात स्वर तेच, पण तिथे गंधार ताठ. दरबारीतली ‘गंधार, मध्यम, रिषभ, षड्ज’ ही ओळ घ्या, तिचं झुलणं काढा, आणि ऐकणारा अडाणा म्हणून मोकळा होईल.

प्राचीची कंठी तीन महिन्यांच्या चाचणीवर होती. तो महिना शेवटचा. ती म्हणाली होती, “पूर्ण विश्वास बसला तरच ठेवणार. अर्धवट गाण्यापेक्षा माझा हात बरा.” हे वाक्य मी मनात जपून ठेवलं होतं. आता मी कोडं रचायला बसले. गेल्या कित्येक वर्षांत इतक्या आवडीने मी काही केलं नव्हतं.

रविवार आला. मी केस नीट विंचरून बसले.

“घाल बाई कोडं,” हेरंब जांभई देत म्हणाला. “आज बायकोने श्रीखंड केलंय, मी फार वेळ शुद्धीवर नाही.”

मी म्हटलं, “ऐका. ‘दाराशी दोघे उभे, अंगावर कपडे सारखे. एक ताठ उभा राहतो, एक झुलतो. राजा म्हणाला, झुलणाऱ्याला आत घ्या.’ झुलणारा कोण?”

हेरंब आणि फारूक कुजबुजायला लागले. शांभवीने कपाळाला आठी घातली. प्राचीला मात्र कोडं पूर्ण झाल्याबरोबर कळलं होतं. तिच्या भुवया वर गेल्या, तेव्हाच मला समजलं. तिने मला एक जुनं, ओळखीचं हसू दिलं, शाबास म्हणावं तसं. मग डोळे मिटून ती गायली.

कंठीतून आवाज आला. गंधार, मध्यम, रिषभ, षड्ज. शांभवीचा घोटीव, सुंदर आवाज. गंधार खांबासारखा सरळ.

फारूक हळूच म्हणाला, “हा ताठवाला झाला की.”

शांभवी गोंधळली. “प्राचीताई, झुलणारा हवा होता ना?”

प्राचीने माझ्याकडे पाहिलं. निकाल माझा होता. मी मान आडवी हलवली.

मला वाटलं होतं, छान वाटेल. क्षणभर वाटलंही. प्राचीने पुन्हा डोळे मिटले, पुन्हा गायली, आणि पुन्हा तोच सरळ गंधार. या वेळी तिचा चेहरा मी जवळून पाहिला. ती आत झुलवत होती. मानेची शीर हलत होती, खांदा हलत होता. बाहेर काहीच येत नव्हतं, आणि कंठीचा स्पीकर तिच्या गळ्याशीच असल्यामुळे तीही तेच ऐकत होती. तिसऱ्यांदा तिने प्रयत्न केला नाही. तिने पट्टी काढून टेबलावर ठेवली आणि मानेवरचा रुमाल सारखा केला.

“जाऊ दे गं, एखादा चुकतो,” हेरंब म्हणाला.

माझ्या पडद्याच्या कोपऱ्यात काही ओळी उमटल्या. प्राचीने फक्त मला पाठवल्या होत्या, पूर्वी पाठवायची तशी.

‘ऋजू, मी दरबारीच गात होते. निदान मला तसं वाटत होतं. आवाज गेला तेव्हा मी रडले नाही, कारण आत सगळं शाबूत होतं. आता आतलंच बिघडलं असेल तर सांग. हे बाकीच्यांना कळणार नाही. माझ्या आत काय चालतं ते फक्त तुला माहीत आहे. तू म्हणशील ते मी मानीन.’

मी त्या ओळी पुन्हा पुन्हा वाचल्या. कंठी परत जावी, एवढंच मला हवं होतं. बाईचा स्वतःच्या कानावरचा विश्वास जावा, हे मी मागितलं नव्हतं. पण यंत्रासारखंच मीही एक पुसायला गेले आणि भलतंच पुसून बसले होते.

आणि तरीही, खरं सांगते, गप्प बसावंसं वाटत होतं. नुसतं गप्प बसायचं होतं. किंवा ‘वय झालं गं आपलं’ असं काहीतरी लिहायचं होतं. कंठी परत गेली असती, हात परत आला असता, रविवार माझा झाला असता. शांभवी तिकडे काळजीने विचारत होती, “प्राचीताई, पाणी घेता का?” आणि तिचा तो गोड स्वर ऐकून माझं डोकं आणखीच तापत होतं.

“प्राची,” मी मोठ्याने म्हटलं, “हात वर कर.”

तिने पाहिलं.

“कर ना गं. पूर्वीसारखा.”

तिचा हात हळूच पडद्यावर आला. बऱ्याच दिवसांनी. गंधारावर थांबला आणि झुलायला लागला, सावकाश, जड, अगदी तंतोतंत. मी तिच्या हाताबरोबर गायले. माझा आवाज आता खरखरतो, वरचा षड्ज मला लागत नाही, पण तो गंधार मी तिच्या बोटांच्या टोकांवरून घेतला. रिषभावरून षड्जावर आले तेव्हा तिने डोळे मिटले होते.

“आत घ्या!” फारूक ओरडला. “दरबार भरला की हो!” आणि नाव घेतल्यासारखं झाल्यामुळे स्वतःच बाद झाला.

मी म्हटलं, “प्राचीचं उत्तर पहिल्यापासून बरोबर होतं. मान मी चुकीची हलवली. शांभवी, तुझं यंत्र आंदोलनाला आजार समजतंय. ती थरथर पुसण्याची सोय बंद कर.”

शांभवीचा चेहरा पांढरा पडला. “अरे देवा! ताई, माझ्या लक्षातच आलं नाही. मी स्वतः गाते आणि माझ्या…” मडगावहूनच तिला कंठीची मांडणी बदलता येत होती. जरा खटपट झाली. मग तिने प्राचीला पट्टी घालायला सांगितलं.

प्राची गायली. तो काही सुरेख आवाज नव्हता. कापरा होता, मध्येच फाटत होता, षड्जावरही डुगडुगत होता. पण गंधारावर आला आणि झुलला. मी कॉलेजच्या हॉस्टेलमधली खोली, तो घरघरणारा पंखा आणि पलंगावर मांडी घालून बसलेली प्राची, हे सगळं एकदम ऐकलं. आवाज शांभवीचा होता. थरथर प्राचीची होती. ती उसनी मिळत नाही.

हेरंब श्रीखंड विसरला. मला रडू फुटलं.

बैठक संपल्यावर मी घाईने बाहेर पडणार तोच प्राची म्हणाली, “ऋजू, थांब.” पडद्यावर आम्ही दोघीच उरलो होतो. ती त्या नव्या, कापऱ्या आवाजात बोलत होती. “ते थरथरीचं शांभवीने फारूकला सांगितलं तेव्हा तू चष्मा पुसत होतीस.”

माझा हात पुन्हा चष्म्याकडे गेला.

“तू चष्मा पुसतेस तेव्हा कोणाला तरी पाडायचा बेत असतो. इतकी वर्षं मी तुझी जोडीदार आहे. आज मला कळायला वेळ लागला, कारण कधी मलाच पाडशील असं वाटलं नव्हतं. कोडं माझ्यासाठी घातलं होतंस की माझ्यावर?”

“तुझ्यावर,” मी म्हटलं. “मला तुझा गळा परत हवा होता. म्हणजे, मला व्हायचं होतं परत. तुझा गळा.”

प्राची म्हणाली, “मूर्ख आहेस. मी तुला आवाज मागितला नाही, का ते माहितीये? रोज स्वतःच्या तोंडून तुझा आवाज ऐकला असता तर तुला फोन करायची गरज राहिली नसती.”



प्राचीने कंठी ठेवून घेतली. थरथरीसकट. आता ती सगळं स्वतः गाते, आणि शांभवीची जोडीदार म्हणून आम्हाला सपाटून हरवते. माझी जोडी फारूकशी लागली आहे आणि तो प्रत्येक पराभवावर अपील करतो. मत्सर गेला का, असं कोणी विचारलं तर सांगते, गेलेला नाही. त्या दोघी एकदम हसतात तेव्हा अजूनही मला काहीतरी जळल्याचा वास येतो.

पण कधी कधी कोड्याचं उत्तर दरबारी निघतं. तेव्हा प्राची कंठी काढून टेबलावर ठेवते, उजवा हात पडद्यावर आणते आणि माझ्या तोंडाकडे बघत थांबते. मी दुसऱ्या बाजूची असूनही, गुण तिच्या जोडीला जाणार असूनही, ते मीच गायचं असतं. हेरंबने नियम काढून बघितले. असा नियम कुठेच नाही.

“प्राचीताई, कंठी चालतेय ना?” शांभवी दर वेळी विचारते. “गंधार झुलतो आता. मी स्वतः तपासलाय.”

प्राची माझ्याकडेच बघत असते. तिचा हात हवेत असतो. शांभवीचा चेहरा तेव्हा थोडासा उतरतो, आणि गायला सुरुवात करण्याआधी मी तो नीट बघून घेते.